आजोळचा हापूस दुसऱ्या अंगणात न्यायचा असेल तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: संगमेश्वरजवळच्या आजोळच्या अंगणात हापूसचे एक जुने झाड आहे, घराच्या वाढीव बांधकामासाठी ते दिवाळीनंतर तोडावे लागणार आहे, आणि तेच झाड पुण्याजवळच्या आपल्या दोन गुंठे जागेत पुन्हा उभे राहावे अशी आपली इच्छा आहे. गेल्या वर्षी लावलेल्या त्याच झाडाच्या कोयीचे आता हातभर रोप झाले आहे. मुळे फुटण्याची पावडर लावून ज्या फांद्या आपण मातीत खोचल्या त्यांना आधी पालवी आली आणि महिन्याभरात त्या सुकल्या. आता गुटी बांधावी का, म्हणजे झाडावरच फांदीची साल काढून तेथे मुळे फोडून घ्यावीत का, आणि जोडीला फणस, चिकू, पेरू, कोकम ही झाडे घरीच तयार करता येतील का, असे आपण विचारले आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात कलमे बांधण्याच्या कामात माझे आयुष्य गेले आहे, त्यामुळे या प्रश्नाकडे मी थोड्या वेगळ्या बाजूने पाहतो. आंब्याचे झाड तयार करणे आणि एक विशिष्ट झाड पुढे नेणे ही दोन वेगवेगळी कामे आहेत, आणि आपल्याला दुसरे काम करायचे आहे. कोय रुजवली की आंब्याचे झाड नक्की मिळते, परंतु ते आजोळच्या झाडाचे अपत्य असते, ते झाड नव्हे. हापूसच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो परागीभवनातून झालेला असतो. माश्यांनी आणि इतर कीटकांनी शेजारच्या कोणत्या झाडाचे पराग आणले हे आपल्याला कळत नाही. म्हणून हापूसच्या कोयीपासून आलेल्या झाडाचे फळ चांगले निघू शकते, सामान्य निघू शकते, पण आईसारखे निघेल याची खात्री कोणीही देऊ शकत नाही, आणि ते कळायलाही सात ते दहा वर्षे थांबावे लागते. दक्षिणेकडील ओलूर, वेल्लईकोलंबन यांसारख्या काही जातींच्या एकाच कोयीतून अनेक रोपे निघतात आणि त्यांपैकी बहुतेक आईच्याच ऊतीपासून बनलेली असल्यामुळे आईसारखी निपजतात. हापूस त्यांच्यात बसत नाही. त्यामुळे आपल्याला कलमाशिवाय मार्ग नाही.

फांद्या का सुकल्या हेही समजून घ्यावे, कारण पुढच्या कामात तेच उपयोगी पडते. फळावर आलेल्या जुन्या आंब्याच्या लाकडात नवी मुळे फोडण्याची क्षमता जवळजवळ नसते. फांदीत साठलेल्या अन्नावर डोळा फुटतो, पालवी दिसते, आपल्याला आनंद होतो. परंतु खाली मूळ नसल्याने साठा संपताच सगळे कोमेजते. वर डोळा फुटला याचा अर्थ खाली मूळ फुटले असा होत नाही. गुटीचेही तसेच आहे. आंब्याच्या गुटीला मुळे धरण्याचे प्रमाण फार कमी असते, आणि क्वचित धरली तरी अशा झाडाला सोटमूळ नसल्याने ते वाऱ्यात उभे राहण्याच्या दृष्टीने कमकुवत असते. पेरूसाठी गुटी उत्तम आहे, आंब्यासाठी मी ती सुचवणार नाही.

कोकणात पूर्वी भेटकलम करत असत. कुंडीतले रोप मांडवावर चढवून झाडाच्या फांदीला टेकवायचे, दोन्हींची साल तासून एकत्र बांधायचे आणि सांधा जुळेपर्यंत दोन-तीन महिने दोघांना पाणी देत राहायचे. पद्धत भरवशाची होती, पण कष्टाची होती आणि एका झाडावर मोजकीच कलमे होत. आज त्या जागी कोयकलम आले आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने त्याचे तंत्र कोकणासाठी बसवून दिले आणि रोपवाटिकांनी ते उचलून धरले. नुकत्याच रुजलेल्या कोवळ्या रोपावर मोठ्या झाडाची काडी बसवायची, एवढेच त्याचे सार आहे, आणि घरी करायला याहून सोपी रीत मला माहीत नाही.

नवशिक्या माणसाचे सगळे लक्ष सुरीवर आणि गाठीवर असते. माझ्या अनुभवात कलम जगते की मरते हे बरेचसे काडीवर ठरते. काडी तीन-चार महिन्यांच्या वयाची, पेन्सिलीएवढी जाड, बोटभर ते वीतभर लांब आणि झाडाच्या बाहेरच्या, उन्हातल्या भागातली असावी. आतल्या सावलीतल्या लांबट, मऊ फांद्या घेऊ नयेत. ज्या फांदीच्या टोकाला या वर्षी मोहोर येऊन गेला ती उपयोगाची नाही. ज्या टोकाला मोहोर न येता पालवी आली आणि आता ती पाने गडद हिरवी झाली आहेत, ते टोक हवे. झाड फळते असणे मात्र आवश्यक आहे, कारण अशा झाडाची काडी वयाने आधीच प्रौढ असते आणि म्हणूनच कलम चार-पाच वर्षांत फळाला येऊ शकते.

निवडलेल्या काड्या लगेच कापू नयेत. त्या झाडावरच ठेवून त्यांची पाने कापावीत, देठाचा थोडा भाग राहू द्यावा, आणि आठ ते दहा दिवस थांबावे. या काळात टोकाचा डोळा फुगू लागतो आणि उरलेले देठ बोट लावताच गळून पडतात. तो क्षण काडी तोडण्याचा. डोळा अजून बंद आणि टपोरा हवा. उमलून हिरवे टोक बाहेर आले असेल तर उशीर झाला. या पूर्वतयारीमुळे काडीतले अन्न डोळ्याजवळ गोळा होते, आणि खालच्या रोपाशी सांधा जुळेपर्यंतचे दिवस ती त्या शिदोरीवर काढते. हा आठ-दहा दिवसांचा धीर बहुतेकांना राहत नाही, आणि घरगुती कलमे मरण्याचे सर्वात मोठे कारण मला तेच दिसते.

येथे आपल्या परिस्थितीचा विचार करावा लागेल. झाड फार जुने असेल तर त्यावर अशी जोमदार टोके थोडी मिळतील. एरवी मी फळे उतरल्यावर हलकी छाटणी करून नवी पालवी घ्यायला आणि पुढच्या वर्षी काड्या काढायला सांगितले असते. आपल्याकडे एकच पावसाळा आहे. म्हणून आत्ताच, मृगाच्या आधी, एखाद्या माहीतगार माणसाला झाडावर चढवून उपयोगी टोके किती आहेत हे पाहून घ्यावे आणि त्यांना सुतळी बांधून खुणा करून ठेवाव्यात. वीस-पंचवीस टोके मिळाली तरी काम होण्यासारखे आहे. ती सगळी एकाच दिवशी वापरू नयेत. निम्मी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात आणि उरलेली तीन आठवड्यांनी वापरावीत, म्हणजे पहिल्या खेपेला काही बिघडले तरी दुसरी संधी राहते.

काड्या पुण्याला आणाव्यात की रोपे आजोळी न्यावीत, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: रोपे झाडाजवळ असावीत. जुलैत संगमेश्वरची हवा दिवसरात्र ओलसर असते आणि कोवळ्या सांध्याला तीच हवी असते. पुण्याकडे पाऊस असला तरी वारा सुटतो आणि मधूनच कोरडे दिवस येतात. तेव्हा कोया तेथेच रुजवा, कलमे तेथेच बांधा, आणि दोनदा पालवी आल्यावर ती घेऊन या. तेथे पाहणारे कोणीच नसेल आणि काड्या आणाव्याच लागल्या, तर पहाटे कापून ओल्या गोणपाटात किंवा केळीच्या सोपटात गुंडाळून, वरून प्लास्टिकची पिशवी लावून सावलीत आणाव्यात आणि शक्यतो दुसऱ्या दिवशी वापरून टाकाव्यात.

खुंटासाठी, म्हणजे ज्या रोपावर काडी बसवायची त्यासाठी, कोया रायवळ (गावठी) आंब्याच्या घ्याव्यात. हंगामाच्या शेवटी त्या भरपूर मिळतात आणि त्यांची रोपे दणकट होतात. आंब्याची कोय धान्यासारखी साठवता येत नाही; आतील बी सुकली की तिची रुजण्याची ताकद जाते आणि साधारण महिन्याभरात ती निरुपयोगी होते. म्हणून गर काढून, धुऊन, पाण्यात टाकून पाहावे, तरंगणाऱ्या कोया बाजूला कराव्यात आणि बुडालेल्या मोठ्या कोया लगेच वाळू-माती-शेणखताच्या गादीवाफ्यावर पेराव्यात. पेरणी दोन टप्प्यांत, पंधरा-वीस दिवसांच्या अंतराने केली तर दोन्ही खेपांना योग्य वयाची रोपे हाती येतात. मोठी कोय मुद्दाम सांगतो, कारण या वयात रोपाला स्वतःचे पान काम देत नसते; कोयीतल्या जाड दलांवरच खुंट आणि काडी दोघेही जगतात. त्यामुळे रोप उपटताना किंवा पिशवीत लावताना कोय रोपापासून सुटता कामा नये.

रुजून आलेल्या रोपाचे खोड तांबूस आणि लवचिक आहे, पाने अजून तांबडी आहेत, वय आठ ते पंधरा दिवसांचे आहे, ही कलमाची वेळ. पाने हिरवी होऊन खोड ताठ झाले की यशाचे प्रमाण उतरत जाते. रोपाचा शेंडा कोयीपासून साधारण सहा ते आठ सेंटिमीटरवर आडवा कापावा आणि त्या खोडाला मधोमध तीन-चार सेंटिमीटर उभी चीर द्यावी. काडीच्या खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तेवढ्याच लांबीचा सरळ, गुळगुळीत तास देऊन पाचर करावी आणि ती चिरेत पूर्ण बसवावी. साल आणि लाकूड यांच्यामध्ये एक पातळ, ओलसर थर असतो. झाडाची जाडी वाढवणारा हाच थर सांधा जुळवतो, म्हणून खुंटाचा आणि काडीचा हा थर एकमेकांना भिडला पाहिजे. दोघांची जाडी सारखी नसेल तर काडी मधोमध न ठेवता एका कडेला सरकवावी, म्हणजे निदान एका बाजूला सालीशी साल जुळते. नंतर दोन सेंटिमीटर रुंदीच्या पातळ प्लास्टिक पट्टीने खालून वर घट्ट बांधत यावे. तासलेल्या भागाला बोट लागू देऊ नये, त्यावर पाणी पडू देऊ नये, आणि तास दिल्यापासून बांधेपर्यंत जेमतेम अर्धा-एक मिनिट जावे. पाते नवे आणि स्पिरिटने पुसलेले असावे. आधी पेरूच्या किंवा जास्वंदीच्या फांद्यांवर हात बसवून घ्यावा.

बांधल्यावर काडीवर बर्फाच्या कांडीसाठी मिळणारी अरुंद प्लास्टिकची नळी टोपीसारखी घालून खालून सैल बांधावी, म्हणजे आत ओलावा टिकतो. कलम पिशवीत लावून पाऊस थेट आपटणार नाही अशा सावलीत ठेवावे. पिशवीला खाली भोके असावीत, कारण या दिवसांत कलमे तहानेपेक्षा साचलेल्या पाण्याने अधिक मरतात. दोन-तीन आठवड्यांत डोळा फुटू लागतो. पालवी टोपीला टेकायच्या आत टोपी काढावी. वर फांद्यांबद्दल जे सांगितले तेच येथेही लक्षात ठेवावे: पहिली पालवी काडीच्या स्वतःच्या साठ्यावर येऊ शकते. ती जून होऊन दुसरी पालवी आली की सांधा जुळला असे मी मानतो. सांध्याखालून खुंटाला फूट आली तर ती लगेच खुडावी, नाहीतर खुंट जोर धरतो आणि काडी मागे पडते. पट्टी दोन-तीन महिन्यांनी सोडावी. ती विसरली तर खोडात रुतते आणि पुढे वाऱ्याने झाड नेमके तेथेच मोडते.

पहिल्यांदाच करणाऱ्याच्या हातून निम्मी कलमे जगली तरी काम छान झाले असे समजावे. सप्टेंबरअखेर दुसरी पालवी आलेली निदान तीन-चार कलमे हातात असल्याशिवाय घरच्यांना झाड तोडण्याची तारीख ठरवू देऊ नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे. कमी पडली तर बांधकाम एक पावसाळा पुढे ढकलता येते का, किंवा निदान एक मोठी फांदी राखता येते का, हे तेव्हाच बोलावे.

आता आपल्या वर्षभराच्या रोपाविषयी. ते टाकून देऊ नये. कोयकलमाचे वय उलटून गेले असले तरी त्यावर मृदुकाष्ठ कलम होते. त्याला नवी तांबूस पालवी येऊ द्यावी, आणि त्या नव्या, कोवळ्या भागात वर सांगितल्याप्रमाणेच चीर देऊन काडी बसवावी. फरक एवढाच, की येथे खालची जुनी हिरवी पाने राखायची असतात, कारण कोयीतले अन्न केव्हाच संपलेले असून रोप आता पानांवर जगत असते. झाडाचे अपत्य त्याच झाडाला खांदा देईल आणि आपली वर्षभराची मेहनतही फुकट जाणार नाही. हे एक रोप पुण्याहून आजोळी नेणे मुळीच अवघड नाही.

कलमाने झाड जसेच्या तसे येते, जागा येत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. हापूसला २०१८ साली मिळालेले भौगोलिक मानांकन रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांपुरते आहे, आणि त्यामागे कारण आहे. जांभ्याची निचऱ्याची जमीन आणि समुद्राजवळची दमट, उबदार हवा यांचा फळाच्या रंगावर, वासावर आणि तयार होण्याच्या काळावर परिणाम होतो. पुण्याकडची थंडी अधिक कडक आणि उन्हाळा कोरडा असतो. तेथे आपले झाड वाढेल आणि फळेलही. फळ उशिरा तयार होईल आणि चवीत थोडा फरक जाणवेल. जमीन काळी, चिकट असेल तर मीटरभर लांब-रुंद-खोल खड्ड्यात मुरूम, पोयटा आणि शेणखत मिसळून थोड्या उंचवट्यावर लागवड करावी. दोन गुंठे म्हणजे सुमारे दोनशे चौरस मीटर. जुन्या पद्धतीने दहा मीटर अंतर धरले तर हापूसची दोनच झाडे मावतात. दरवर्षी छाटणी करून उंची आटोक्यात ठेवण्याची तयारी असेल तर अंतर निम्म्यावर आणता येते. लागवड पुढच्या जूनमध्ये, पहिल्या चांगल्या पावसानंतर करावी, सांधा जमिनीच्या वर राहील हे पाहावे, आणि पहिली तीन वर्षे आलेला मोहोर खुडून टाकावा. मन होत नाही हे मला माहीत आहे, पण लहान झाडाने फळ धरले की त्याची वाढ खुंटते.

बाकीच्या झाडांपैकी पेरू सर्वात सोपा आणि गुटीचे तंत्र शिकायला योग्य आहे. पुण्याच्या गणेशखिंड बागेत निवडलेला सरदार, म्हणजेच लखनौ ४९, आपल्या हवेत उत्तम येतो. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची अडीच-तीन सेंटिमीटर रुंद साल गोल काढावी आणि आतला बुळबुळीत थर खरवडावा. साल काढल्याने पानांत तयार झालेले अन्न खाली जाऊ शकत नाही आणि कापाच्या वरच्या कडेला साठते, पाणी मात्र लाकडातून वर जात राहते. म्हणून फांदी जगते आणि त्या कडेला मुळे फुटतात. आपली पावडर येथे उपयोगी आहे, ती वरच्या कडेलाच लावावी. भिजवून पिळलेले शेवाळ गुंडाळून पारदर्शक प्लास्टिकने दोन्ही टोके घट्ट बांधली की महिना-दीड महिन्यात मुळे बाहेरून दिसू लागतात.

फणसाचा आठळा गरातून काढल्याबरोबर लावावा लागतो आणि त्याच्या सोटमुळाला धक्का सहन होत नाही, म्हणून तो उंच पिशवीत किंवा थेट कायमच्या जागी लावावा. कापा, म्हणजे घट्ट गऱ्यांच्या, फणसाच्या आठळ्यातून मऊ, बिलबिलीत गऱ्यांचा बरकाही निघू शकतो, त्यामुळे खात्री हवी असेल तर त्यावरही मृदुकाष्ठ कलम करावे. दोन गुंठ्यांत आंब्याशेजारी फणस दाटी करील असे मला वाटते. चिकू मात्र घरी करण्याच्या फंदात पडू नये. त्याचे चांगले कलम खिरणीच्या खुंटावर होते आणि खिरणीचे रोप कलम बांधण्याजोगे व्हायलाच दीड-दोन वर्षे जातात. खात्रीच्या रोपवाटिकेतून खिरणीवरचेच कलम आहे हे विचारून एक आणावे.

कोकमाच्या बाबतीत दोन गोष्टी जपाव्या लागतात. कोकमाची नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बियांपासून केलेल्या रोपांतली निम्म्याच्या आसपास नर निघतात आणि ते फुलोऱ्यावर आल्यावरच, म्हणजे सहा-सात वर्षांनी कळते. म्हणून काडी भरपूर फळणाऱ्या मादी झाडाचीच घ्यावी. ती घेताना सरळ वर जाणाऱ्या शेंड्याची घ्यावी, आडव्या फांदीची घेऊ नये. आडव्या फांदीची काडी कलमावर आल्यानंतरही आडवीच पसरत राहते आणि वर्षानुवर्षे जमिनीलगत झुडपासारखी वाढते. पुण्याच्या कोरड्या हवेत कोकमाला दुपारच्या उन्हापासून आडोसा लागेल, तेव्हा ते आंब्याच्या किंवा घराच्या पूर्वेला लावावे आणि उन्हाळ्यात आळ्यात पालापाचोळ्याचे जाड आच्छादन ठेवावे.